जर्मन शिल्ड आणि बाहीपट्ट्यांच्या नकला : या चुका टाळा

इंग्लंडमधल्या एका रीइनॅक्टमेंटमध्ये, म्हणजे जुनी लढाई त्या काळच्या वेशात पुन्हा उभी करण्याच्या कार्यक्रमात, आम्ही दुसऱ्या महायुद्धातली इजिप्तमधली ऑक्टोबर १९४२ ची एल अलामेनची लढाई उभी करत होतो. गटात नव्याने आलेला मुलगा डाव्या बाहीवर, मनगटाच्या जरा वर, ताडाच्या झाडांची 'आफ्रिका' पट्टी शिवून आला. काम सुबक होतं, पैसेही भरपूर मोजले होते. पण ही पट्टी म्हणजे आफ्रिकेतल्या मोहिमेचा सन्मान, आणि तो जाहीर झाला १५ जानेवारी १९४३ ला, म्हणजे ती लढाई आटोपून दोन महिने उलटल्यावर! त्याला हवी होती 'आफ्रिकाकोर'ची पट्टी: गडद हिरवी, चंदेरी अक्षरांची आणि उजव्या बाहीवर. ती आफ्रिकेत लढणाऱ्या त्या नावाच्या जर्मन दलाची ओळख होती, सन्मान नव्हे. नावं जवळजवळ सारखी, म्हणून दर वर्षी कोणीतरी फसतंच. तंबूत बसून मी ब्लेडने अर्धा तास टाके उसवले, तरी भोकांची रांग बाहीवर राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून प्रसंगाची तारीख आणि सन्मान जाहीर झाल्याची तारीख मी एका कागदावर एकाखाली एक लिहितो. मगच सुईत दोरा ओवतो. क्रिमियाच्या मोहिमेचं शिल्ड, म्हणजे दंडावर लावायचा ढालीच्या आकाराचा धातूचा बिल्ला, त्याचंही असंच. क्रिमियातलं सेव्हास्तोपोल बंदर पडलं जुलै १९४२ च्या सुरुवातीला आणि शिल्ड जाहीर झालं २५ जुलैला. वेढ्याच्या दृश्यात ते दंडावर दिसता कामा नये.

शिल्ड गोंदाने चिकटवू नका. धातूमागचं कापड बाहीला हातानेच शिवा, बारीक टाक्यांनी. ते कापडही बघून घ्या: लष्कराला करडं-हिरवं, हवाई दलाला निळं-करडं, नौदलाला गडद निळं. नॉर्वेतल्या नार्विकच्या लढाईचं शिल्ड नौदलाला सोनेरी, इतरांना चंदेरी. रणगाडा एकट्याने उडवल्याची पट्टी उजव्या दंडावर लावा.

आता चहा. नवीन पट्टी चहात बुडवून 'जुनी' करणाऱ्यांवर माझा खरंच राग आहे. आज तुम्ही हौसेने करता, पण दहा वर्षांनी ती पट्टी दुसऱ्याच्या हातात जाते आणि अस्सल म्हणून विकली जाते. जुनेपणा हवा असेल तर अंगावर घाला, मळू द्या, हंगामभर उन्हापावसात वापरा. माझ्या प्रत्येक नकलेच्या पाठीवर न पुसणाऱ्या शाईने 'नक्कल' आणि वर्ष लिहिलेलं असतं. विकणारा ते लिहू देत नसेल, तर मी घेत नाही.

संग्राहकही घाई करतात. अतिनील दिव्याखाली दोरा चमकला की लगेच 'बनावट' म्हणून मोकळे. अस्सल पट्टी कोणी आजच्या साबण पावडरीत धुतली असेल, तर तीही चमकते. दिव्याआधी विणकाम बघा, उलटी बाजू बघा. आणि नाझी स्वस्तिक नसलेलं शिल्ड दिसलं म्हणून ते फेकू नका. १९५७ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत माजी सैनिकांना स्वस्तिक काढलेले सन्मान वापरायची मुभा मिळाली. त्या आवृत्तीची स्वतंत्र नोंद ठेवा, युद्धकाळातल्या वस्तूंत मिसळू नका. जर्मनीत कार्यक्रमाला जात असाल तर स्वस्तिकाचं काहीही बॅगेत टाकण्याआधी आयोजकांना लेखी विचारा. तिथे ते सार्वजनिक ठिकाणी मिरवणं दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे.