राजकारणावर बोला, पण आधी समोरच्याचं म्हणणं त्यालाच सांगून पहा

नागपुरात तर्री पोह्याच्या ठेल्यावर राजकारण निघतेच, आणि १९२५ मध्ये संघ इथेच सुरू झाला, १९५६ मध्ये बाबासाहेबांनी धम्मदीक्षा पण इथेच घेतली, त्यामुळे एकाच गल्लीत, कधी एकाच घरात एकदम वेगळ्या विचारांची माणसं राहतात. म्हणून एक करून पहा. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्यालाच सांगा, आणि तो "हो भाऊ, हेच म्हणून राहिलो मी" म्हणेपर्यंत आपला मुद्दा काढूच नका.

समजा काका म्हणतात वेगळा विदर्भ पाहिजेच, अन् तुम्हाला ते पटत नाही. तर "विदर्भाने महाराष्ट्रात यावं म्हणून १९५३ च्या नागपूर करारात कबूल केलेलं आपल्याला मिळालं नाही, असंच म्हणता ना काका?" असं विचारा, मग आपलं सांगा. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फझल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, हे तुम्हाला गैरसोयीचं असलं तरी खरं आहे, ते मान्य करून टाका, मग काका पण तुमचं ऐकायला लागतात.

आणि "तुमचे लोक असेच" हे प्लीज नकोच. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर तर अजिबात नको, तिथे माणूस इज्जतीसाठी अडून बसतो, त्यापेक्षा फोन करा नाहीतर संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर मारत बोला. आवाज चढला तर "काका, हे उद्या बोलू" म्हणा, आणि खरंच उद्या बोला.