पाकिटावर 'सेट' छापलं म्हणून तो सेट होत नाही: चादर-टॉवेलच्या एचएस कोडमधल्या या चुका टाळा

गेली बावीस वर्षं मी नवी मुंबईत एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. सोलापूरचे टेरी टॉवेल, इचलकरंजीच्या कापडाच्या चादरी, अभ्रे, पडदे, किचनचे नॅपकिन असा माल न्हावा शेवाहून बाहेर जातो, त्याची शिपिंग बिलं, म्हणजे कस्टम्सला द्यायची निर्यातीची कागदपत्रं, आमच्याकडे बनतात. त्यात प्रत्येक वस्तूला एचएस कोड, म्हणजे मालाची वर्गवारी सांगणारा आकडा, लावावा लागतो; त्याचे पहिले चार अंक म्हणजे हेडिंग. एकाच वस्तूचा माल असला की फारशी अडचण येत नाही. चार वस्तू एका पिशवीत घालून विकायचं ठरलं की ठरावीक चुका सुरू होतात. नव्या मुलांना त्या मी तोंडी सांगत आले, आता एकदा लिहूनच ठेवते.

लेबल वाचून कोड लावणं

सगळ्यात जास्त त्रास या एका सवयीचा. पिशवीवर 'सेट ऑफ ६' छापलेलं दिसलं की माणूस वर्गवारीच्या सर्वसाधारण नियमांतल्या थेट नियम ३(बी) वर, म्हणजे सेटच्या नियमावर, उडी मारतो. अरे, पहिला नियम वाचला का? हेडिंगचे शब्द आणि सेक्शन-चॅप्टरच्या टिपा यांनी उत्तर मिळत असेल तर तिथेच थांबायचं असतं. दोन बाथ टॉवेल, दोन हँड टॉवेल, दोन फेस टॉवेल, सगळे सुती टेरी. सहाही नग ६३०२ ६० मध्येच बसतात. इथे सेटचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण नियमातल्या सेटसाठी किमान दोन वस्तू वेगवेगळ्या हेडिंगच्या असाव्या लागतात.

विश्व सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरण टिपांत सेटच्या तीन अटी दिल्या आहेत. पहिली आत्ता सांगितली. दुसरी, सगळ्या वस्तू मिळून एखादी विशिष्ट गरज भागवत असाव्यात किंवा एका विशिष्ट कामाला लागत असाव्यात. तिसरी, पुन्हा पॅकिंग न करता थेट शेवटच्या ग्राहकाला विकता येईल असा माल बांधलेला असावा. तिन्ही एकत्र जमल्या तरच सेट. मग ज्या वस्तूमुळे त्या सेटला त्याचं मुख्य स्वरूप येतं, तिचा कोड सगळ्याला. त्याच टिपांत केस कापायच्या किटचं उदाहरण आहे: विजेचं क्लिपर, कंगवा, कात्री, ब्रश आणि एक टॉवेल, सगळं चामड्याच्या केसमध्ये. अख्खं किट जातं ८५१० मध्ये, क्लिपरबरोबर. टॉवेल ६३०२ चा असूनही तिथे त्याचा वेगळा कोड उरत नाही. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी वाचायला लावते.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी एका निर्यातदाराचा पहिलाच 'बेड इन अ बॅग'चा कंटेनर होता. इनव्हॉइसवर वर्णन होतं 'कॉटन प्रिंटेड बेड सेट', कोड ६३०२ २१. छापील सुती बेड लिननचा कोड तोच, म्हणून मी चेकलिस्ट पुढे जाऊ दिली. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, माल तपासणीला लागला. अधिकाऱ्यांनी एक कार्टन उघडायला सांगितलं, पारदर्शक पिशवीची चेन ओढली आणि आतून फुगून बाहेर आली ती पॉलिएस्टर भरलेली जाडजूड रजई. खाली दबलेली एक चादर आणि दोन अभ्रे. पिशवीचं निम्म्याहून जास्त वजन त्या रजईचं, किमतीतला मोठा वाटाही तिचाच. भरलेली रजई ९४०४ मध्ये जाते, हे ६३ व्या चॅप्टरचं कापड नव्हे. पलंग सजवायला एकत्र दिलेला तो खराखुरा सेट होता आणि त्याचं मुख्य स्वरूप रजईनेच ठरत होतं.

पुढे काय झालं ते नीट सांगते, कारण घाई करणाऱ्यांना नुकसान कुठे होतं तेच कळत नाही. आरओएससीटीएल, म्हणजे निर्यातीच्या मालावरचे राज्याचे आणि केंद्राचे कर परत देणारी सवलत, ६१, ६२ आणि ६३ या चॅप्टरच्या कपड्यांना आणि मेड-अप्सना (चादरी-टॉवेलसारख्या तयार कापडी वस्तूंना) आहे. निर्यातदाराने ती धरून खरेदीदाराला भाव दिला होता. कोड ९४०४ झाल्यावर तो हिशेबच कोसळला. कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज, वर्णन बदललेलं नवं इनव्हॉइस, क्वेरीला लेखी उत्तर, या सगळ्यात जहाजाचा कटऑफ, म्हणजे माल बंदरात पोचवायची शेवटची वेळ, गेला. बॉक्स पुढच्या आठवड्याच्या जहाजावर चढला आणि खरेदीदाराने उशिरापोटी सूट मागितली. निर्यातदार माझ्यावर चिडला नाही, पण फोनवर तो बराच वेळ गप्प होता. ते मला आजही आठवतं.

त्या दिवसापासून माझी सवय अशी: एकत्रित पॅकचा माल असेल तर मी एक पिशवी मागवते, ती टेबलावर रिकामी करते आणि वस्तू शेजारी-शेजारी मांडते. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवते. कागदावर प्रत्येकीसमोर तिचं एकटीचं चार अंकी हेडिंग लिहिते, वजन लिहिते, किंमत लिहिते. सेटचा विचार त्यानंतर. सोलापूरहून पिशवी यायला वेळ नसेल तर सगळ्या वस्तू पसरून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागते. बंद पिशवीचा फोटो मला चालत नाही.

सर्च मारून पहिला सापडलेला कोड उचलणं

दुसरी सवय मोबाइलच्या पिढीची. टॅरिफची पीडीएफ उघडायची, 'पिलो केस' टाइप करायचं, आणि जी ओळ उजळेल तिचे आठ अंक चिकटवायचे. आपल्या भारतीय टॅरिफमध्ये ६३०४ ९२ खाली खरोखरच पिलो केस, टेबल क्लॉथ, टेरी सोडून इतर टॉवेल असे शब्द आहेत. ते दिसले की मुलं खूश होतात. पण ६३०४ हे हेडिंग 'इतर' फर्निशिंगच्या वस्तूंचं आहे. बेड लिनन, टेबल लिनन, बाथरूमचं आणि किचनचं लिनन हे ६३०२ च्या हेडिंगमध्ये नाव घेऊन सांगितलेलं आहे. आधी चार अंक ठरतात, मग सहा, मग आठ. हेडिंगच ज्या वस्तूचं नाही, तिला खालच्या ओळीतला शब्द आत ओढून घेऊ शकत नाही. नियम १ आणि (सहा अंकी सबहेडिंगचा) नियम ६ एकत्र वाचले की हे कळतं. पण ते वाचायला दहा मिनिटं शांत बसावं लागतं, आणि तेवढं बसायची तयारी मला हल्ली कमी दिसते.

याच गोंधळाची सख्खी बहीण म्हणजे उशी आणि कुशन. झोपायच्या उशीचा अभ्रा ६३०२. सोफ्यावरच्या कुशनचं कव्हर ६३०४. आत कापूस किंवा फायबर भरलेलं असेल तर दोन्ही ९४०४. पडदे ६३०३. म्हणजे 'लिव्हिंग रूम सेट' म्हणून दोन पडदे, चार कुशन कव्हर आणि दोन भरलेली कुशन एका खोक्यात आली, तर तीन हेडिंग समोर उभी राहतात. बेड सेटमध्ये कुशनही घालायला सांगणारे खरेदीदार असतात, त्यामुळे इनव्हॉइसवर 'कव्हर' आणि 'फिल्ड' हे शब्द वेगळे लिहायलाच हवेत. 'कुशन ४ नग' एवढंच लिहिलेलं इनव्हॉइस मी परत पाठवते.

६३०८ ला हात लावणं

६३ व्या चॅप्टरच्या दुसऱ्या भागाचं नाव 'सेट्स' आहे हे खरं. पण ६३०८ मध्ये येतात विणलेलं कापड आणि धागा असलेले संच, ज्यातून घेणाऱ्याने घरी बसून गालिचा, टॅपेस्ट्री किंवा भरतकामाचा टेबल क्लॉथ तयार करायचा असतो. शिवून तयार असलेल्या चादर-अभ्र्यांचा तिथे काही संबंध नाही. वर्षातून एकदा तरी कोणी ना कोणी बेडशीट सेट ६३०८ मध्ये घालून पाठवतंच.

किचन सेट

एप्रन, ओव्हनचा हातमोजा, किचन टॉवेल. एप्रन ६२११, हातमोजा ६२१६, टॉवेल ६३०२. स्वयंपाकाच्या एकाच कामाला लागणाऱ्या वस्तू, थेट विक्रीच्या पॅकमध्ये, म्हणजे सेट होतो. मुख्य स्वरूप कोणाचं हे वजन, किंमत, उपयोग बघून ठरवायचं. कोणीच वरचढ ठरत नसेल तर नियम ३(सी): तुल्यबळ हेडिंगांपैकी आकड्याने शेवटचं, म्हणजे ६३०२. पण ३(सी) वर यायच्या आधी ३(बी) चा प्रयत्न प्रामाणिकपणे झालेला असावा. तो आळशाचा आसरा नाही. आणखी एक: पुसण्याचं जाडंभरडं कापड, डस्टर, भांडी घासायचं फडकं हे किचन लिनन धरत नाहीत, ते ६३०७.

नवरा-बायकोचे बाथरोब

लग्नाच्या भेटीसाठी दोन बाथरोब एका सुंदर खोक्यात, एक त्याचा, एक तिचा. मागावर विणलेल्या (निटेड नव्हे) टेरी कापडाचे असतील तर पुरुषांचा ६२०७, बायकांचा ६२०८. टॅरिफच्या सेक्शन ११ ची (कापड आणि कापडी वस्तूंच्या भागाची) टीप १४ स्पष्ट सांगते की वेगवेगळ्या हेडिंगचे कपडे किरकोळ विक्रीसाठी एका सेटमध्ये बांधले तरी आपापल्या हेडिंगमध्येच जातात. दोन ओळी लिहा. दोन्ही रोब अगदी एकसारखे असून कोणाचे ते ओळखता येत नसेल तर दोन्ही बायकांच्या हेडिंगमध्ये.

तंतूचं प्रमाण अंदाजाने लिहिणं

टॉवेलच्या वर आलेल्या फंद्यांत (लूपमध्ये) सूत आणि खालच्या ग्राउंडमध्ये, म्हणजे मूळ कापडात, पॉलिएस्टर असं मिश्रण आता बरंच येतं. सेक्शन ११ च्या सबहेडिंग टिपेप्रमाणे फंदेदार कापडात तंतू ठरवताना ग्राउंड धरायचं नाही, फक्त फंदे बघायचे. हे माहीत नसल्याने सरळ सुती टॉवेल सिंथेटिकमध्ये घातलेले मी पाहिले आहेत. गिरणीकडून लेखी प्रमाण घ्या, फोनवरचं तोंडी नको.

जीएसटीचा नियम कस्टम्सला लावणं

मिक्स्ड सप्लायमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वस्तू एका किमतीत एकत्र विकल्या तर, सर्वांत जास्त दर सगळ्याला लागतो, तो जीएसटीच्या कलम ८ चा नियम. कस्टम्समध्ये दर बघून हेडिंग ठरत नाही. सीएच्या मेलमधलं वाक्य उचलून क्वेरीला उत्तर म्हणून देऊ नका.

खरेदीदाराचा कोड छाटून वापरणं

अमेरिकेच्या ऑर्डरवर दहा अंकी कोड असतो. त्याचे शेवटचे दोन आकडे काढले की आपला कोड मिळाला असं समजू नका. पहिले सहा अंकच जगभर एक असतात, पुढचे ज्या त्या देशाचे. आणि तिकडच्या माणसाने ते सहा तरी बरोबर लिहिलेत का, हेही तपासायचं असतं.

मागचं शिपिंग बिल कॉपी करणं

हे मी शेवटी लिहितेय, पण दिवाळीआधीच्या गर्दीत सगळ्यात जास्त घडतं ते हेच. मागच्या सीझनला रजई, चादर, अभ्रे होते, कोड ९४०४. यंदा खरेदीदाराने भाव कमी करायला रजई काढून न भरलेलं पातळ बेडस्प्रेड घातलं. पिशवी तीच, छपाई तीच, नावही तेच. डॉक्युमेंटेशनच्या मुलाने जुनं बिल उघडलं, तारीख आणि नग बदलले आणि पाठवून दिलं. न भरलेलं बेडस्प्रेड ६३०४ चं. म्हणजे कोड चुकला आणि मिळणारी आरओएससीटीएलही त्याने स्वतःच्या हाताने सोडून दिली. वर्षभर एकच सेट जाणार असेल आणि मनात खरी शंका असेल, तर मुंबईत कस्टम्सचं अॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरण आहे, तिथे अर्ज करा. पण त्या अर्जात आणि बिलात वस्तूंची यादी शब्दाला शब्द जुळली पाहिजे. पिशवीतली एक वस्तू बदलली की मी जुनी फाइल बंद करते आणि नवी पिशवी टेबलावर रिकामी करते.