रेडिओ आणि दृश्य प्रकाशातील दीर्घिकांचे आकार ताडून पाहताना या चुका टाळा

नागपुरात राहून एमएस्सीचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला कॉसमॉस क्षेत्राची, म्हणजे हबल (दृश्य प्रकाश) आणि व्हीएलए (रेडिओ) या दोन्ही दुर्बिणींनी टिपलेल्या सुमारे 2 चौरस अंश आकाशाची, विदा आज विनामूल्य उतरवून घेता येते. मात्र दीर्घिकांच्या रेडिओ आणि दृश्य याद्यांतील आकार जुळत नाहीत असे दिसताच मूळ निरीक्षणांना दोष देण्याची घाई करू नये.

पहिला संशय स्थितिकोनावर, म्हणजे दीर्घिकेचा लांब अक्ष आकाशात कोणत्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या कोनावर, घ्यावा. दृश्य प्रतिमांतील स्रोत मोजणारे सॉफ्टवेअर सोर्स एक्स्ट्रॅक्टर आपला नेहमीचा कोन प्रतिमेच्या आडव्या अक्षापासून मोजते, तर रेडिओ प्रतिमांसाठीचे सॉफ्टवेअर पायबीडीएसएफ तो उत्तरेकडून पूर्वेकडे मोजते. हा 90 अंशांचा फरक तसाच राहिला, तर लंबवर्तुळतेच्या (आकार किती आणि कोणत्या दिशेला लांबट आहे, याच्या मापाच्या) दोन्ही घटकांचे चिन्ह उलटते आणि खरा सहसंबंध ऋण दिसू लागतो. शिवाय 1 अंश आणि 179 अंश या कलांत केवळ 2 अंशांचेच अंतर असल्याने थेट वजाबाकी न करता दुप्पट कोनाचे साइन-कोसाइन घ्यावेत. व्याख्याही तपासावी, अक्षांचे गुणोत्तर 1:2 असलेल्या एकाच दीर्घिकेची लंबवर्तुळता एका व्याख्येने 0.33, तर दुसरीने 0.6 येते.

याहून घातक चूक रेडिओ विदेची सरासरी घेताना होते. वारंवारतेच्या रुंद पट्ट्यांची सरासरी घेतली की फेज सेंटरपासून (निरीक्षण ज्या बिंदूवर केंद्रित केले, त्यापासून) दूरचे स्रोत त्रिज्येच्या दिशेत ताणले जातात, आणि दीर्घ वेळेची सरासरी घेतली की ते साधारणपणे त्या केंद्राभोवती स्पर्शरेषेच्या दिशेत पसरतात. दीर्घिकासमूहाचे गुरुत्व भिंगासारखे प्रकाश वाकवते, त्यामुळेही मागच्या दीर्घिका स्पर्शरेषेच्याच दिशेत ताणलेल्या दिसतात. त्यामुळे समूह नेमका फेज सेंटरवर असेल, तर वेळेच्या सरासरीतून चक्क खोटे भिंग उभे राहते. समूह नसलेल्या क्षेत्रात फेज सेंटरभोवतीची सरासरी स्पर्शीय लंबवर्तुळता काढावी, आणि ती शून्याशी जुळली नाही तर मूळ विदेकडे जाऊन कमी कालावधीची सरासरी घेऊन प्रतिमा नव्याने तयार करावी. ही चाचणी वगळून काढलेला निष्कर्ष स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेट (केंद्रातील कृष्णविवराजवळून निघणारे वेगवान झोत) असलेल्या सक्रिय दीर्घिका-केंद्रकांचे स्रोत वगळावेत, कारण जेटची दिशा ताऱ्यांच्या तबकडीचा आकार सांगत नाही.

एवढे करूनही सहसंबंध क्षीण निघाला, तर प्रकल्प फसला असे समजू नये. कॉसमॉसच्या 1.4 गिगाहर्ट्झ प्रतिमेचा बीम (प्रतिमेत बिंदूही जेवढा पसरट दिसतो ती रुंदी) सुमारे 1.5 आर्कसेकंद, म्हणजे बऱ्याच अंधुक दीर्घिकांहून मोठा आहे, त्यामुळे त्यांचा आकार पुसट होतो. याच क्षेत्रावरील 2016 च्या अभ्यासातही ठळक सहसंबंध आढळला नव्हता. दोन्ही दुर्बिणींचे दोष वेगवेगळ्या कारणांनी उद्भवत असल्यामुळे दोन्ही आकारांची सरासरी न काढता रेडिओ यादीचा दृश्य यादीशी परस्परसंबंध काढावा.