घरचा राउटर: या चुका टाळा

फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि तरीही एकही पान उघडत नाही, तेव्हा बहुतेक जण राउटरच्या मागील रीसेटच्या छिद्रात पिन खुपसतात. दांड्या केवळ फोन आणि राउटर यांच्यातील संकेताचे बळ दाखवतात; राउटरच्या पुढची जोडणी शाबूत आहे की नाही, हे त्यांवरून कळत नाही. राउटर बंद करून पुन्हा चालू केल्यास सेटिंग टिकतात, रीसेट केल्यास मात्र सेवापुरवठादाराने दिलेल्या युजरनेम-पासवर्डसह सगळे पुसले जाते. म्हणून आधी दिवे पाहावेत. फायबर जोडणीच्या डब्यावरील ‘एलओएस’ हा दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा संकेतच घरापर्यंत पोहोचत नाही आणि सेटिंग कितीही बदलली तरी उपयोग होत नाही.

माझ्या मते सर्वांत फसवी चूक म्हणजे आतल्या खोलीत वायफाय पोहोचावे म्हणून जुना राउटर तसाच जोडणे. घरातील प्रत्येक उपकरणाला 192.168.1.5 यासारखा खासगी पत्ता देण्याचे काम राउटरमधील डीएचसीपी करते आणि त्यासोबतच बाहेर जाण्याचा दरवाजा, म्हणजे गेटवे, कोणता हेही सांगते. जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातील उपकरणे जोडण्याच्या खाचेत, केबल लावली आणि त्याचे डीएचसीपी चालूच राहिले, तर एकाच घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. ज्या फोनला जुन्या राउटरकडून पत्ता मिळतो, तो त्यालाच दरवाजा समजतो, आणि त्या राउटरच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरचे इंटरनेट येण्याच्या खाचेला, तर काहीच जोडलेले नसते. एक फोन चालतो, शेजारचा अडकतो, आणि थोड्या वेळाने नेमके उलटे होते, ते यामुळेच. जुन्या राउटरला 192.168.1.2 असा मुख्य राउटरच्याच मालिकेतला, पण इतर कोणाकडे नसलेला पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि मगच केबल लावावी. संगणकाचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर त्याला पत्ता देणारे कोणी भेटलेलेच नाही, असे समजावे.

राउटर लोखंडी कपाटात ठेवू नये. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ या लहरपट्ट्यात शेजारच्या राउटरांची गर्दी टाळण्यासाठी चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातील मार्गिका, 3 निवडणेही चुकीचे आहे, कारण ते 1 आणि 6 या दोन्हींवर चढते व दोन्हींचा त्रास ओढवून घेते; त्यापेक्षा 1, 6 आणि 11 यांपैकी सर्वांत मोकळे चॅनेल घ्यावे.

वायफायचा पासवर्ड बदलला म्हणजे राउटर सुरक्षित झाला, असे नाही. सेटिंगच्या पानाचा अ‍ॅडमिन पासवर्ड निराळा असतो, आणि तो कारखान्यातून आला तसाच असेल, तर वायफायवर आलेला कोणताही पाहुणा राउटरची सेटिंग बदलू शकतो.