पानपिंपरी: झड लागलीय, आधी नाल्या मोकळ्या करा

अंजनगाव सुर्जी, अकोट भागातल्या पानपिंपरी (पिंपळीचा वेल) उत्पादकांनो, निंदण, खत, वेल बांधणं दोन दिवस मागं पडलं तरी चालेल. आज नाली काढा. पाणी साचून मळे बसताना दर पावसाळ्यात बघतोय.

जमीन भारी, काळी. वर शेवरी-पांगाऱ्याची सावली, त्यामुळं वाफा लवकर सुकत नाही. अशा ओलीत फायटोप्थोरा बुरशी मुळात शिरते. वेल दुपारी मलूल होतो, पानं पिवळी पडतात. शेतकऱ्याला वाटतं तहान लागली, तो वरून आणखी पाणी सोडतो आणि उरलेलं मूळही कुजतं. पाणी द्यायच्या आधी एक मूळ उकरून बघा. काळं पडलेलं, साल हातात सुटून येत असेल तर ती मर आहे.

नाली वाफ्याच्या तळापेक्षा वीतभर खोल हवी, आणि तिला धुऱ्याबाहेर (बांधाबाहेर) वाट हवी. बहुतेक मळ्यांत ती धुऱ्यालाच अडते. शेजाऱ्याशी आजच बोला. सखल कोपऱ्यात हातभर खड्डा करा. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या सकाळीही त्यात पाणी दिसलं तर नाली कमी पडतेय. माझा एक अंदाज सांगतो, पुस्तकात तो मिळणार नाही: ज्या कोपऱ्यात रात्रभर बेडूक ओरडतात, मर तिथूनच सुरू होते.

पाणी निघाल्यावर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक द्रावण. फवारणीला 0.5 टक्का: मोरचूद 500 ग्रॅम, कळीचा चुना 500 ग्रॅम, पाणी 100 लिटर, दर 15 दिवसांनी. बुडाशी ओतायला 1 टक्का, म्हणजे दोन्ही एकेक किलो, महिन्यातून एकदा. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा, मग एकत्र करा. घासलेला विळा बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

पिवळं पान दाखवलं की दुकानातून टॉनिकची महागडी बाटली हातात पडते, वर युरियाचा सल्ला. कुजलेलं मूळ यातलं काहीच उचलत नाही. ते पैसे नाली काढणाऱ्या मजुरांना द्या.

बाकी कामं:
– मेलेले वेल मुळासकट काढून जाळणे
– सावली दाट असल्यास शेवरी छाटणे
– कीड दिसल्यास निंबोळी अर्क 5 टक्के
– ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) 1 किलो, 100 किलो कुजलेल्या शेणखतातून. बोर्डो ओतल्यावर लगेच नको
– नवीन लागवडीला रोगट मळ्यातलं बेणं नको

हा वेल तीन वर्षं फळं देतो. त्रिकटूत सुंठ-मिऱ्यांसोबत हीच पिंपळी असते, चीनच्या पारंपरिक वैद्यकातही थंडीनं दुखणाऱ्या पोटावर तिची फळं देतात. शेवटी मुळंही पिंपळमूळ म्हणून विकली जातात. कुजलेल्या मुळाला व्यापारी हात लावत नाही, त्यामुळं मर लागलेल्या मळ्यात फळंही जातात आणि मुळंही. पुढची सर यायच्या आत कुदळ घेऊन सखल कोपऱ्यापासून सुरुवात करा.