पंप पाठीवर घेण्याआधी धानातली टाचणी बघा

भंडारा-गोंदियाकडे सप्टेंबरात धान पोटरीवर येतं. पाऊस जरा उघडला की दुपारी उकाडा आणि संध्याकाळी ढग. धानाच्या बुंध्यातला रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्याला हेच हवं असतं. शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला की आपला हातही औषधाच्या डब्याकडे जातो. त्याआधी एक करा. सकाळी दव ओसरल्यावर बांधीत (धानाच्या खाचरात) उतरा आणि वाकून चुडाच्या, म्हणजे धानाच्या झुबक्याच्या, बुंध्याशी बघा.

काडीसारखा बारीक, जेमतेम दोन सेंटिमीटरचा किडा पानांच्या गर्दीतून हळूहळू उडताना दिसेल. ही टाचणी. चतुर पंख पसरून बसतो, ही पाठीवर मिटून बसते. धानात सर्रास आढळते ती सगळ्यात बुटक्या टाचण्यांपैकी एक, शास्त्रीय नाव ॲग्रिऑक्नेमिस पिग्मिया. नर हिरवा-काळा, शेपटीचं टोक विटकरी. कोवळी मादी तांबडी असू शकते, म्हणून पुष्कळांना ती वेगळीच जात वाटते. ही टाचणी उंच जात नाही, चुडांमधूनच फिरते आणि तिथे बसलेला तुडतुडा अलगद टिपते.

तिची पिल्लं पाण्यात वाढतात. मादी पाणवनस्पतींच्या देठात अंडी घालते. पिल्लाच्या शेपटीला पानासारखे तीन कल्ले असतात. ते डासांच्या अळ्या खातं, शिवाय धानाच्या बुंध्यावर चढून तुडतुड्याची पिल्लंही पकडतं.

गोची इथेच आहे. तुडतुडे वाढले की बांधीतलं पाणी तीन-चार दिवस काढा, असं आम्ही सल्ला देणारेच सांगतो आणि ते बरोबरही आहे (भेगा मात्र पडू देऊ नका). पण पाण्याबरोबर टाचणीची पिल्लंही जातात. म्हणून धुऱ्यालगत (बांधालगत), सखल कोपऱ्यात हातभर रुंद आणि वीतभर खोल चर काढा, त्यात पाणी राहू द्या. जवळ बोडी (छोटं तळं) असेल तर काठाचं गवत एकदम साफ करू नका, आणि फवारणीचा पंप तिथे कधीच धुऊ नका.

आता मोजणी. बांधीत फिरत वीसेक चूड थोपटा आणि खाली पडलेले तुडतुडे मोजा. चुडामागे पाचाच्या आत असतील, टाचण्या आणि कोळी दिसत असतील, तर पंप घरीच ठेवा. तीन-चार दिवसांनी परत मोजा. आकडा पाच ते दहाच्या घरात गेला तर मात्र टाचणीच्या भरवशावर राहू नका, करपलेले गोल चट्टे दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला समजा. औषध कृषी सहायकाला विचारून, धानातल्या तुडतुड्यासाठी शिफारस असलेलंच घ्या आणि नोझल बुंध्याकडे धरा. वरून पानं भिजवून काही होत नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन टाळा. त्यांनी टाचण्या-कोळी मरतात आणि तुडतुडे पुन्हा उसळतात. शेजाऱ्याचं धान काळंभोर दिसतं म्हणून युरियाची जास्तीची मूठही टाकू नका, तुडतुडा आधी तिथेच जमतो.

प्रकाश सापळा लावायचा तर पूर्ण अंधार पडल्यावर लावा आणि रात्री दहाच्या सुमाराला बंद करा. तुडतुडे दिव्यावर येतात. टाचण्या तोवर धानाच्या पानांना चिकटून झोपलेल्या असतात.