जुन्या रेकारो सीटची जोडी विकताय? या चुका टाळा

विकायच्या आधी सीटला नवीन रेक्झिन मारू नका. कुणी ऐकत नाही, तरी सांगतो. जुन्या रेकारोला, म्हणजे त्या जर्मन कंपनीच्या स्पोर्ट्स सीटला, पैसे मिळतात ते मूळ कापडाचे, थोडं विरलेलं असलं तरी, कारण तसलं कापड आता कुठल्या दुकानात मिळायचं? आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका पोराकडं मारुती एस्टीममधनं काढलेली जोडी होती, राखाडी कापड, फक्त ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड घासलेली, गोव्याचं गिऱ्हाईक ठरलेलं, रविवारी चोर्ला घाटातनं येणार होतं. ह्या शहाण्यानं शनिवारी कुशनवाल्याकडं नेऊन दोन्ही सीटांना काळं-लाल रेक्झिन चढवलं, का तर चकाचक दिसायला पायजे की! जुनं कापड तिथंच टाकून आला. गोवेकरानं सीटवर हात फिरवला, चहा पिला आणि रिकाम्या गाडीनं परत गेला. मग हा पोरगा जुनं कापड शोधायला धावला तर ते भंगारात गेलेलं. शेवटी जोडी साध्या सीटच्या भावात गेली.

मी फक्त मऊ ब्रश, कोमट पाणी आणि थोडा शाम्पू वापरतो, पिळलेल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवतो. घासलेली कड फोटोत पहिल्यांदा दाखवतो, म्हणजे दारात येऊन घासाघीस होत नाही.

दुसरं, खालच्या रेल (ज्यावर सीट पुढं-मागं सरकते त्या पट्ट्या) आणि ब्रॅकेट. सीट काढताना हे लोखंड कशाला म्हणून फेकतात, आणि मग गिऱ्हाईक विचारतंय बोल्टांमधलं अंतर किती, तर ह्यांचं उत्तर "बसतंय हो कुठल्याबी गाडीला". नाही बसत! सीट उलटी करून, टेप लावून फोटो काढा, कुठल्या गाडीतनं काढली ते लिहा, रेल सरकते का तेही.

जोडी मोडू नका, उरलेली एक सीट वर्षभर माळ्यावर पडते.

"1950 ची रेकारो" असलं लिहू नका, ते नावच 1963 चं.

रेसिंग बकेटवर, म्हणजे शर्यतीच्या खोलगट सीटवर, एफआयएचं (मोटार शर्यतींचे नियम करणारी जागतिक संस्था) 8855-1999 हे सुरक्षेचं लेबल असलं तरी त्याची मुदत बनवल्यापासून 5 वर्षं. जुनी असली तर शोपीस म्हणून विका, रॅलीला चालते म्हणू नका.

घेणाऱ्याच्या गाडीच्या मूळ सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती जाणार, हे आधीच सांगा.

पावसाळ्यात, खानापूर बाजूला तर हमखास, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सीटच्या फोमला बुरशी धरते. जुनी सुती चादर घालून फळीवर ठेवा.

ट्रान्सपोर्टला टाकताना हेडरेस्ट काढून वेगळे बांधा आणि बोल्ट पिशवीत घालून रेललाच बांधा, सुटे दिले तर पोचत नाहीत.